चादरीखालचा क्राकेन : नवख्या गेम मास्टरसाठी समुद्रराक्षस चालवण्याच्या पायऱ्या

सोलापूरला समुद्र नाही. सिद्धेश्वर तलाव आहे, कंबर तलाव आहे, पाऊस बरा झाला तर हिप्परग्याच्या तलावावर लाटा म्हणाव्यात असे काहीतरी दिसते, आणि याहून मोठे पाणी पाहायचे झाले तर उजनीचा फुगवटा गाठावा लागतो. तरीही जुळे सोलापुरातल्या आमच्या रविवारच्या टेबलावर सर्वांत जास्त मागणी समुद्राचीच असते, आणि समुद्र आला की त्यातला राक्षसही हवाच असतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून काल्पनिक पात्रांच्या भूमिकेत खेळायचा खेळ नव्याने चालवू लागलेल्या आणि पहिल्यांदाच एखादा प्रचंड समुद्रराक्षस टेबलावर आणू पाहणाऱ्या गेम मास्टरांसाठी हा लेख आहे. फासे कसे टाकायचे आणि पात्र कसे तयार करायचे एवढे तुम्हाला येते, असे मी गृहीत धरतो.

आधी माझी फजिती सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच निघाले आहे. चार खेळाडू होते, पात्रे तिसऱ्या लेव्हलची होती, आणि मी मोठ्या थाटात एक महाकाय ऑक्टोपस आणला. तो पाण्यातून वर आला, जहाजाच्या कठड्याला भुजा गुंडाळून बसला, आणि बसूनच राहिला. त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसू शकतो तो आकडा) ५२ आणि आर्मर क्लास (त्याला फटका लागण्यासाठी फाशावर गाठायचा आकडा) अवघा ११. चौघांनी त्याला गराडा घातला, आणि दुसरी फेरी संपायच्या आत तो मेला. “दादा, याच्यापेक्षा मागच्या वेळचे लांडगे बरे होते,” असे एकजण म्हणाला, आणि त्याचे खरे होते. मी त्या प्राण्याला पाण्याबाहेर काढून जमिनीवरच्या लांडग्यासारखा लढवला होता. समुद्रराक्षसाचे खरे शस्त्र म्हणजे पाणी, आणि त्याचे खरे लक्ष्य म्हणजे जहाज. डेकवरची माणसे त्याच्या दृष्टीने जहाजावर सांडलेले दाणे आहेत. ही गोष्ट आकड्यांतही कशी दडलेली आहे, ते पुढे येईलच.

पायरी पहिली : नियम एकच ठेवा आणि राक्षस लेव्हल पाहून निवडा

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला, आणि तेव्हापासून त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. या लेखातले आकडे २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. त्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग ‘एसआरडी ५.१’ या नावाने जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे, आणि क्राकेन, ड्रॅगन टर्टल (प्रचंड कासवासारखा राक्षस), ॲबोलेथ (मनाचा ताबा घेणारा जलराक्षस) हे तिघेही त्यात आहेत. म्हणजे पहिल्या समुद्री मोहिमेसाठी महागडी पुस्तके घेण्याची गरज नाही. नंतरच्या सुधारित आवृत्तीत काही आकडे बदललेले आहेत, तेव्हा टेबलावर एकाच आवृत्तीचे नियम राहतील एवढे पाहा.

प्रत्येक राक्षसापुढे चॅलेंज रेटिंग नावाचा आकडा असतो. ढोबळ अर्थ असा, की त्या लेव्हलच्या चार पात्रांना तो राक्षस जड जातो, पण सहसा जीवघेणा ठरत नाही. महाकाय ऑक्टोपसचे रेटिंग १, प्लेसिओसॉरसचे २, महाकाय शार्कचे ५, ॲबोलेथचे १०, ड्रॅगन टर्टलचे १७ आणि क्राकेनचे २३ आहे. यांपैकी शेवटचे दोन नवख्या गेम मास्टरला सगळ्यांत जास्त खुणावतात, आणि पाचव्या लेव्हलच्या पात्रांसमोर नेमके तेच आणले जातात. क्राकेनच्या एका भुजेचा फटका सरासरी २० हिट पॉइंट घेतो, आणि एका पाळीत असे तीन फटके बसतात. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराकडे साधारण तीसच्या आसपास हिट पॉइंट असतात. दुसऱ्या फटक्यालाच तो आडवा होईल, आणि त्याच्या खेळाडूला उरलेली दुपार भाकरी खात इतरांचा खेळ पाहावा लागेल.

क्राकेन हवाच असेल, तर तो सगळा आणू नका. पाण्याखाली काहीतरी अवाढव्य आहे आणि त्याच्या फक्त दोन भुजा जहाजापर्यंत पोहोचल्या आहेत, असे ठरवा आणि प्रत्येक भुजेला महाकाय ऑक्टोपसचे आकडे द्या. पंधरा फुटांची पोच आणि पकडीतून सुटण्यासाठी १६ चा आकडा, एवढे चौथ्या-पाचव्या लेव्हलला पुरेसे होते. दोन्ही भुजा छाटल्या तर ते जे काही आहे ते खाली निघून जाते. त्याचे धड कोणालाच दिसत नाही, आणि पुढच्या सहा महिन्यांची भीती तुमच्या गाठीला राहते.

पायरी दुसरी : त्याला काय हवे आहे ते ठरवा

इथे घाई करू नका. आकडे पुस्तकात मिळतात, हेतू मिळत नाही, आणि हेतू नसलेला राक्षस म्हणजे माझा तो कठड्यावर बसलेला ऑक्टोपस.

ड्रॅगन टर्टलचा हेतू सर्वांत सोपा असतो. त्याला धन आवडते, तो जहाजे अडवून खंडणी मागतो, आणि तो बोलतो. नवख्यांना मी तो याच कारणासाठी सुचवतो : ३४१ हिट पॉइंटच्या प्राण्याशी लढता येत नसले तरी घासाघीस करता येते. त्याला ड्रॅकॉनिक भाषा येते आणि पात्रांपैकी बहुधा एखाद्यालाच ती कळते. आमच्या टेबलावर ड्रॅकॉनिक म्हणजे कन्नड. ज्याच्या पात्राला ती भाषा येते तो अक्कलकोटकडचा आहे, घरी कन्नडच बोलतो. मी आणि तो दोन-तीन मिनिटे कन्नडमध्ये बोलतो, बाकीचे आमच्या तोंडाकडे पाहत बसतात, आणि मग तो त्यांना ‘भाषांतर’ करून सांगतो. एकदा कासवाने मागितली होती निम्मी मालमत्ता आणि याने इतरांना सांगितले पाऊण. सोलापुरात एका टेबलावर दोन-तीन भाषा सहज सापडतात, त्याचा असा उपयोग करून घ्या.

ॲबोलेथ आकाराने या तिघांत लहान, पण बुद्धीने सर्वांत घातक. त्याची स्मरणशक्ती पिढ्यान्‌पिढ्या पुसली जात नाही, आणि दिवसातून तीन वेळा तो एखाद्याच्या मनाचा ताबा घेऊ शकतो. तो लढायला येत नाही. कोणीतरी त्याच्याकडे चालत येईल अशी व्यवस्था करतो. नवख्याने त्याला दुसऱ्या मोहिमेसाठी राखून ठेवावे, कारण खेळाडूच्या हातातून त्याचे पात्र काढून घेणे हे नाजूक काम आहे, आणि त्याची कल्पना टेबलावर आधीच दिलेली असावी.

क्राकेनबद्दल एक माहिती मला फार उपयोगी पडली. अठराव्या शतकात एरिक पाँटॉपिडान नावाच्या बिशपने नॉर्वेच्या निसर्गाचे वर्णन लिहिले आणि ते १७५२-५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कोळ्यांकडून ऐकलेल्या क्राकेनच्या हकिकती आहेत, आणि त्यांतला धोका भुजांचा कमी आणि भोवऱ्याचा जास्त आहे : एवढे मोठे धड पाण्याखाली जाताना जो भोवरा होतो, त्यात होड्या ओढल्या जातात. शिवाय ते कोळी म्हणत, की जिथे दोरीला एरवी ऐंशी-शंभर वाव पाणी लागायचे तिथे अचानक वीस-तीस वावच भरले आणि मासळी भरमसाट लागू लागली, तर समजावे की आपण क्राकेनच्या पाठीवर आहोत, आणि वल्ही मारून निघावे. हे वाचल्यापासून मी क्राकेनला हल्ला करायलाच लावत नाही. तो झोपलेला असतो आणि पात्रे त्याच्या पाठीवर मासेमारी करत असतात.

आपल्याकडचे साहित्यही या बाबतीत गरीब नाही. तिमि हा महामत्स्य, त्याला गिळणारा तो तिमिंगिल, आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल, अशी चढती भाजणी संस्कृत परंपरेतच तयार आहे. सुरसेने तोंड वाढवत नेले आणि हनुमान अंगठ्याएवढा होऊन आत जाऊन बाहेर आला, ही गिळण्याच्या नियमावरची सर्वांत चतुर तोड म्हणावी लागेल. पण माझी आवडती ती सिंहिका. सुंदरकांडात ती समुद्रात राहते आणि वरून जाणाऱ्याची सावली पकडून त्याला खाली ओढते.

या सिंहिकेवरून मी जो राक्षस बेतला, तो इथे पूर्ण देतो. चौथ्या-पाचव्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी तो तसाच वापरता येईल. शरीराचे आकडे महाकाय शार्कचे : आर्मर क्लास १३, हिट पॉइंट १२६, पोहण्याची गती ५० फूट, चाव्याचे सरासरी नुकसान २२. त्यावर माझा एकच जास्तीचा नियम आहे. जहाजाची सावली तिच्यापासून साठ फुटांच्या आत पाण्यावर पडली, की शिडात वारा भरलेला असूनही जहाज जागच्या जागी थांबते, आणि उडणारे पात्र असेल तर त्याने ताकदीचा १५ चा सेव्ह, म्हणजे धोका टाळण्यासाठी टाकायचा फासा, चुकवल्यास ते वीस फूट खाली ओढले जाते. बस्स, एवढेच. आता सकाळी आणि संध्याकाळी सावल्या लांब असतात, तेव्हा ती दूर राहून जहाज धरून ठेवू शकते. भर दुपारी सावली जहाजाच्या पोटाखाली येते, म्हणून तिलाही तिथेच यावे लागते, आणि तेव्हाच ती भाल्याच्या टप्प्यात सापडते. सोलापुरात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो हे आमच्या खेळाडूंना शाळेपासून ठाऊक आहे, त्यामुळे हे कोडे त्यांनी अर्ध्या तासात सोडवले. एकीने शिडे उतरवायला लावून सावली आखूड केली, आणि दुसऱ्याने रात्री लहान होडीत कंदील ठेवून ती दूर सोडली, म्हणजे जहाजाची सावली उलट्या बाजूला पडेल. हा दुसरा उपाय माझ्या नियमात कुठेच बसत नव्हता. मी तो लगेच मान्य केला.

पायरी तिसरी : पाणी उभे करा

समुद्र न पाहता समुद्राचे वर्णन करणारा माणूस लाटा, वादळ आणि निळाई या तीन शब्दांत अडकतो. त्यापेक्षा जे पाणी पाहिले आहे त्याच्यापासून सुरुवात करा. उजनीच्या काठावर पहाटे उभे राहिलात तर पाणी निळे नसते, मातकट करडे असते. हिवाळ्यात त्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात, आणि ते अचानक एकदम उठले की काठावरचा प्रत्येक माणूस नकळत तिकडे पाहतो. राक्षसाची पहिली चाहूल यापेक्षा चांगली कोणती? इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर या धरणाच्या पाण्यात आहे, आणि उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की त्याचे शिखर उघडे पडते. पाण्याखाली गाव आहे, त्यात देऊळ आहे, आणि पाणी आटले की ते थोडे वर येते : ॲबोलेथला राहायला याहून योग्य जागा कोणी लिहून दिली नसती.

राक्षस दिसण्याआधी किमान तीन खुणा द्या, आणि त्या खुणा त्याच राक्षसाच्या असाव्यात. ड्रॅगन टर्टल असेल तर पाणी कोमट लागते, उकडलेले मासे पोट वर करून तरंगतात आणि वारा नसताना धुके येते, कारण तो वाफ सोडतो. क्राकेन असेल तर वर सांगितलेली उथळ भरणारी दोरी आहेच. खुणा ओळखून खेळाडू परत फिरले, तर फिरू द्या. माझ्या मते खुणा बरोबर वाचणे हाच त्या दिवसाचा विजय आहे, आणि त्याचे एक्सपीरियन्स पॉइंटही पूर्ण द्यावेत.

पायरी चौथी : पाण्याचे नियम आधी वाचून ठेवा

हे कंटाळवाणे आहे, पण लढाईच्या मध्ये पुस्तक उघडणे त्याहून कंटाळवाणे असते. पोहण्याची गती नसलेल्या पात्राला पाण्यात हातघाईची बहुतेक शस्त्रे डिसॲडव्हांटेजने, म्हणजे दोन फासे टाकून त्यातला लहान आकडा धरून, चालवावी लागतात. खंजीर, फेकभाला, आखूड तलवार, भाला आणि त्रिशूळ यांना मात्र ते लागू नाही. दुरून मारण्याची शस्त्रे नेहमीच्या पल्ल्यापलीकडे लागतच नाहीत, आणि पल्ल्याच्या आतही क्रॉसबो, जाळे आणि फेकभाल्यासारखी फेकून मारायची हत्यारे वगळता बाकीच्यांना डिसॲडव्हांटेज आहे. पूर्ण बुडालेल्याला आगीचे नुकसान निम्मे होते. पोहताना प्रत्येक फुटाला एक फूट जास्त खर्च होतो, म्हणजे तीस फूट चालणारे पात्र एका हालचालीत पंधरा फूटच पोहते.

श्वासाचा नियम मात्र नीट समजून घ्या, कारण नवखे लोक त्याला फार घाबरतात आणि तो प्रत्यक्षात फार सौम्य आहे. पात्र एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनच्या, म्हणजे शरीराच्या दमाच्या, मॉडिफायरइतकी मिनिटे श्वास रोखू शकते. मॉडिफायर दोन असेल तर तीन मिनिटे झाली, फेरी सहा सेकंदांची, म्हणजे तीस फेऱ्या. लढाई पाच-सहा फेऱ्यांत संपते, त्यामुळे नियमाप्रमाणे कोणी बुडतच नाही! आमच्या टेबलावर म्हणून एक घरगुती नियम आहे : ज्याला बेसावध असताना पाण्यात ओढले त्याला श्वास घ्यायला वेळ मिळालेला नसतो, आणि त्याच्या हाती मॉडिफायरइतक्याच फेऱ्या असतात, कमीत कमी एक. हा नियम मोहिमेच्या आधी सांगावा, ओढल्यानंतर सांगू नये. पाचव्या लेव्हलपासून पाण्यात श्वास घेण्याचा मंत्र उपलब्ध होतो, दहा जणांना चोवीस तास पुरतो आणि विधी म्हणून केला तर स्लॉटही, म्हणजे मोजून मिळणारी मंत्राची संधीही, खर्च होत नाही. त्यानंतर बुडण्याची भीती संपली असे समजा आणि अंधार, प्रवाह आणि खोली यांच्यावर भर द्या.

पायरी पाचवी : टेबलावर समुद्र अंथरा

विकतच्या नकाशांची गरज नाही. आमचा समुद्र म्हणजे घरची एक जुनी निळी सोलापुरी चादर. मोजली तेव्हा ती ६० बाय ९० इंच भरली, आणि एक इंच म्हणजे पाच फूट या नेहमीच्या मापाने तीनशे बाय साडेचारशे फुटांचा समुद्र झाला. शंभर फुटी जहाज वीस इंच लांब होते. ते आम्ही टॉवेलच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे केले आहे. चौकटी आखत बसू नका, शिंप्याची टेप बाजूला ठेवा. टेपेवर जे दिसते ते आकड्यांत दिसत नाही : क्राकेन एका पाळीत साठ फूट, म्हणजे बारा इंच सरकतो, आणि पाण्यात पडलेले पात्र तीन इंच. हे एकदा मोजून दाखवले की ‘पोहून जाऊ’ असे कोणी म्हणत नाही.

आता यातली गंमत. राक्षसाची बाहुली चादरीवर ठेवू नका. चादरीखाली स्टीलची वाटी पालथी घाला आणि हात खाली घालून ती सरकवा. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा चौघेही कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात गप्पा मारत होते. चादरीच्या कडेला एक फुगवटा उठला आणि सावकाश जहाजाच्या दिशेने निघाला. जाड विणीची चादर, त्यामुळे खाली काय आहे ते कळत नाही, फक्त नक्षीच्या रेघा वर उचलल्या जातात आणि मागे पुन्हा बसतात. फुगवटा जहाजापासून सहा इंचांवर थांबला. सहा इंच म्हणजे तीस फूट, म्हणजे क्राकेनच्या भुजेची पोच. एकाचा भाकरीचा तुकडा हातातच राहिला होता. मी अजून इनिशिएटिव्हचे, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारे, फासे मागितलेही नव्हते.

पायरी सहावी : लढाई जहाजाची आहे

सुरुवातीला जे म्हटले त्याचा हिशेब इथे करतो. क्राकेनला वस्तू आणि बांधकामे यांचे दुप्पट नुकसान करण्याचा गुण आहे. त्यामुळे माणसाला वीसचा बसणारा फटका जहाजाला चाळीसचा बसतो. पाळीत तीन फटके म्हणजे १२०, आणि इतरांच्या पाळ्यांनंतर मिळणाऱ्या तीन लेजंडरी ॲक्शनही भुजेवरच खर्च केल्या तर आणखी १२०. साध्या शिडाच्या जहाजाचे हिट पॉइंट ३००. म्हणजे क्राकेनने माणसांकडे ढुंकूनही पाहिले नाही, तर सरासरीने दुसऱ्याच फेरीत सगळी माणसे त्याच्या घरात असतात. त्याने माणसांशी लढावेच कशाला?

म्हणून जहाजाचे हिट पॉइंट कागदावर मोठ्या अक्षरांत सगळ्यांसमोर लिहा आणि राक्षसाचे लपवा. दोनशेवर आले की डोलकाठी मोडते, शंभरावर आले की तळाशी पाणी शिरते, असे दोन टप्पे मी ठरवून ठेवतो. प्रत्येक खेळाडूला प्रत्येक फेरीत जहाजासाठी करता येईल असे काम असले पाहिजे : सुकाणू धरणे, शिडे सोडणे, पाणी उपसणे, भुजेत अडकलेल्या खलाशाला सोडवणे. पाणी उपसणाऱ्याला ॲथलेटिक्सचा १२ चा आकडा गाठता आला, तर त्या फेरीपुरती गळती थांबते. हाही घरचाच नियम. लढवय्याने तलवार सोडून बादली धरावी की नाही, हा प्रश्न टेबलावर आला की समजा गाडी रुळावर आहे.

काही खाचखळगे इथेच सांगून ठेवतो. जहाजावर बॅलिस्टा, म्हणजे प्रचंड बाण सोडणारे यंत्र असेल, तर खेळाडू सगळ्यात आधी तिकडे धावतात. पण बिनजादूच्या शस्त्रांनी क्राकेनला काहीच होत नाही, तेव्हा नियमाच्या अक्षराप्रमाणे तो बाण वाया जातो. विजेचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. या दोन्ही गोष्टी पहिला बाण लागताच वर्णनातून स्पष्ट करा, नाहीतर तीन पाळ्या फुकट गेल्यावर खेळाडू तुमच्यावर चिडतील आणि ते रास्तच असेल. ड्रॅगन टर्टलला मात्र बॅलिस्टा लागतो. त्याची वाफ साठ फुटांपर्यंत पसरते, सरासरी ५२ चे नुकसान करते, आणि ती आगीचे नुकसान असली तरी पाण्याखाली निम्मी होत नाही. त्यामुळे पाण्यात उडी मारून वाचू पाहणाऱ्याला आधी कोमट पाण्याची आठवण करून द्यावी.

एखाद्याला क्राकेनने गिळले तर त्या खेळाडूला विसरू नका. आत त्याला दर फेरीला सरासरी ४२ चे आम्ल लागते, आणि एका पाळीत आतून ५० किंवा अधिक नुकसान केले तर क्राकेनला २५ चा सेव्ह करावा लागतो. त्याचा बोनस १४ आहे, म्हणजे सेव्ह चुकून आतल्याची सुटका होण्याची नेमकी निम्मी संधी. सुरसेच्या गोष्टीची आठवण ठेवून, आकार लहान करणारा मंत्र वापरण्याची युक्ती एखाद्याने लढवली तर तिला वाव द्या.

राक्षसाला मरेपर्यंत लढवू नका. निम्मे हिट पॉइंट गेले किंवा त्याला हवे ते मिळाले, की तो खाली जातो, आणि जाताना भोवरा होतो. हा भोवरा लढाईचा शेवटचा डाव म्हणून वापरा, त्यात सुकाणूवाल्याचा एक फासा आणि शिडवाल्याचा एक फासा पुरे. वाटी चादरीखालून बाहेर काढताना ती खेळाडूंच्या बाजूने काढू नका.

आमची बैठक उन्हाळ्यात चार ते साडेसहा चालते, त्याहून लांबवली तर पंख्याखालीही डोके चालेनासे होते, आणि समुद्री लढाई त्या वेळेत क्वचितच पूर्ण होते. अर्धवट राहिली तर जहाजाचे उरलेले हिट पॉइंट, कोण कुठे आहे आणि कोणाच्या हाती किती फेऱ्यांचा श्वास आहे, एवढे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी चादरीच्या कोपऱ्याला टाचणीने लावा, आणि जहाज काढून चादर तशीच गुंडाळून ठेवा. धुवायला टाकण्याआधी टाचणी काढायला घरच्यांना सांगून ठेवा. आमच्या एका बैठकीची चिठ्ठी बादलीत विरघळली, आणि जहाजाला ११० उरले होते की १४०, यावर अजून एकमत झालेले नाही.